रेवाचा आवाज बसला तो वसंत

काल सकाळी गाडीच्या बॉनेटवर बोट टेकवलं तर बोट पिवळं झालं. म्हणजे पाइनची झाडं फुलली. आमच्या मॉरिसव्हिलमध्ये वसंत असाच येतो. एका सकाळी उठावं तर गाड्या, घरामागचे लाकडी डेक, पत्रपेट्या, बागेतल्या घसरगुंड्या, सगळ्यांवर पिवळी पूड बसलेली असते. पाऊस पडून गेला की रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याला पिवळे काठ येतात. आम्ही या गावात नवे होतो तेव्हा मेधा, माझी बायको, डेकवर उभी राहून म्हणाली होती की जेजुरीला आल्यासारखं वाटतंय, फक्त येळकोट म्हणायचं बाकी आहे. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

आता हसू येत नाही. पिवळं बोट पाहिलं तसा मी घरात वळलो. आत येऊन मी एकेक खिडकी लावत सुटलो. मेधा स्वयंपाकघरातून बघत होती. तिच्या ओट्यामागची खिडकी तिनेच लावून घेतली. वास्तविक घरात आम्ही दोघंच. ज्या घशासाठी हा खटाटोप करायचा, तो घसा इथे नाहीच. तो टेनेसीत कुठे तरी गात फिरतो आहे. तरी आम्ही खिडक्या लावल्या. सांध्यांना जशी पावसाची चाहूल लागते तशी भीतीलाही ऋतूची चाहूल लागत असावी.

मी मुळातच भित्रा माणूस. साताऱ्यात शाळेत असताना बक्षीस घ्यायला स्टेजवर जायचं होतं, तर तापाचं निमित्त काढून घरी बसलो होतो. पुढे नोकरीही अशी मिळाली की भीतीचाच पगार. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे मोडेल, कशी मोडेल, कधी दगा देईल, याचा दिवसभर विचार करायचा. ती सवय ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. मेधा म्हणते, देवळात गेलास तरी तू आधी बाहेर पडायचं दार बघून ठेवतोस. खरं आहे ते.

आणि अशा माणसाच्या पोटी रेवा.

रेवा इथेच जन्मली, इथेच वाढली. शनिवारी सकाळी शास्त्रीय गाण्याच्या क्लासला जायची, कुरकुरत का होईना पण जायची. मग हायस्कूलमध्ये असताना एका मैत्रिणीच्या शेतावर राहायला गेली. त्यांची रताळ्याची शेती. रात्रीची जेवणं झाली की त्या घरातली माणसं पडवीत बसून गिटार वाजवत, गाणी म्हणत. दोन दिवसांनी मी तिला आणायला गेलो तेव्हा तिच्या मांडीवर उसनी गिटार होती आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती. गाडीत बसल्यावर म्हणाली, “बाबा, त्या गाण्यांत ना, लोक नुसतं सांगतात काय झालं ते.” बाकी सगळं ती इंग्रजीत बोलली, एवढं एक वाक्य मराठीत. का, ते मला आजही कळलेलं नाही.

त्यानंतर कंट्री, म्हणजे इथलं गावाकडचं गाणं, हेच तिचं गाणं झालं. कॉलेज झालं, एका प्रयोगशाळेत बरी नोकरी लागली, ती तिने सोडली. मंडळाच्या गणपतीत काकू लोक विचारायच्या, रेवा काय करते हल्ली. मेधा सांगायची, कंट्रीची गाणी गाते. त्यावर एक काकू अगदी मनापासून म्हणाल्या होत्या, “हो का, कुठल्या कंट्रीची?” आम्ही हा विनोद घरी पुष्कळ वापरला. विनोदाने भीती थोडी पातळ होते.

भीती होतीच. ती एकटी गाडी चालवत डोंगरातल्या छोट्या गावांत जायची, बारमध्ये, जत्रांत, कुठल्या तरी ब्रूअरीच्या मागच्या अंगणात गायची. मी फोनच्या नकाशावर तिचा निळा ठिपका बघत बसायचो. ठिपका बराच वेळ हलला नाही की माझ्या डोळ्यांपुढे दरी यायची. एकदा मी स्वतः गेलो, एका काउंटीच्या जत्रेत. नेहमीप्रमाणे बाहेर पडायच्या वाटेजवळची खुर्ची धरली. गाण्यांच्या मध्ये मागून कोणी तरी काही ओरडलं. तिच्या रंगावरून होतं, नावावरून होतं. मी ऐकलं, तिनेही ऐकलं. तिने मान खाली घालून गिटारची एक खुंटी पिळली, तार लावून बघितली, आणि पुढचं गाणं सुरू केलं. बाकी काहीच झालं नाही. भीतीचं हेच वाईट असतं. काही झालं नाही म्हणून ती संपत नाही, पुढच्या खेपेला राखून ठेवल्यासारखी राहते.

मी अशी नाना तऱ्हेची संकटं मनात रचून ठेवली होती. अपघात, दारुडे, बर्फ, बंदुका. जे आलं ते यातलं एकही नव्हतं.

डेल नावाचा एक गृहस्थ तिला त्या जत्रांमधूनच भेटला. साठीचा, उंच, अतिशय सावकाश बोलणारा. पूर्वी तो मोठ्या गायकांच्या मागे पेडल स्टील वाजवायचा. आडवं ठेवून वाजवायचं वाद्य ते, माणूस हुंदका आवरतोय असा त्याचा सूर. आता त्याने डोंगरात एका जुन्या कोठारात स्टुडिओ केला होता. त्याने रेवाला सांगितलं की तुझा पहिला अल्बम इथे करू, घाई न करता. मागच्या वर्षी थंडी सरता सरता काम सुरू झालं. दहा गाणी करायची होती, सहा झाली. ती फोनवर सांगायची तेव्हा तिच्या मागे कधी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, ऐकू यायचं, कधी डेलच्या कुत्र्याचं भुंकणं. इतकी आनंदात मी तिला कधीच ऐकली नव्हती. आणि मला तर आनंदाचीसुद्धा धास्ती वाटते.

मग असाच पिवळा धुरळा आला. एका रविवारी तिने फोन केला आणि “आई” म्हणाली. मेधा भाजी चिरत होती, तिचा हात थांबला. आवाजाला खरखर होती, ओल्या लाकडावर करवत चालावी तशी. रेवा म्हणाली, परागकणांची ॲलर्जी आहे, सगळ्यांचेच घसे बसलेत. ते खोटं नव्हतं. माझ्या ऑफिसातही निम्मे लोक शिंकत होते. मेधाने हळद-दुधाचं सांगितलं, मी ॲलर्जीच्या गोळ्यांचं. तिने दोन्हीला हो म्हटलं आणि त्या आठवड्यात ती आणखी दोन ठिकाणी गाऊन आली, कारण ठरलेले कार्यक्रम मोडायचे नसतात असं तिला वाटायचं.

पुढच्या आठवड्यात दुपारी डेलचा फोन आला, माझ्या ऑफिसात. त्याचं डोंगरी इंग्रजी मला समजेना, माझं त्याला. दोघंही एकमेकांना पुन्हा सांगा, पुन्हा सांगा म्हणत राहिलो. शेवटी तो थांबला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला की येऊन मुलीला घेऊन जा. ती सातव्या गाण्याची वरची ओळ घेत होती आणि मधेच आवाज गेला. फाटला, घसरला असं काही नाही. गेला.

मेधाला घेऊन मी निघालो. तो रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की वायपर काचेवरची पिवळी पूड इकडून तिकडे सारत होते आणि मी मनातल्या मनात कॅन्सर हा शब्द उच्चारायचा नाही म्हणून दुसरेच शब्द मोजत होतो.

रेवा कोठाराच्या पायरीवर बसली होती. आम्हाला बघून उठली, तोंड उघडलं, आणि मान हलवून पुन्हा मिटलं. सव्वीस वर्षांची मुलगी मेधाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, पण रडण्याचा आवाज येत नव्हता. आवाज नसलेलं रडणं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते पाहवत नाही.

गळ्याच्या डॉक्टरीण बाईंनी नाकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि समोरच्या पडद्यावर माझ्या मुलीचा आवाज दिसला. स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या, मोत्यासारख्या ओल्या. त्यातली एक पांढरी. दुसरी लाल, जांभळ्याकडे झुकणारी. बाईंनी समजावून सांगितलं की गाताना त्या पट्टीतली रक्तवाहिनी फुटली आहे, आत रक्त पसरलंय, आणि त्याखाली एक फोडासारखी गाठ आहे, ती साधी आहे, जिवाला धोका नाही. पण काढावी लागेल. आधी पूर्ण मौन, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्याने जास्त ताण येतो म्हणे.

मी विचारलं, ती गाऊ शकेल का. बाईंना माझा प्रश्न कळला नाही. त्यांनी कान पुढे केला.

इथे एक सांगायला हवं. रेवा पाच वर्षांची असल्यापासून या देशात माझा आवाज तिचा होता. गाडीतूनच खाणं मागवायच्या ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी मी काही मागितलं आणि आतून “काय म्हणालात?” आलं, की मागच्या सीटवरून ती तेच शब्द तिच्या उच्चारात म्हणायची आणि आतल्याला लगेच समजायचं. बँकेच्या फोनवर, एअरपोर्टवर, सगळीकडे तसंच. मोठी झाल्यावरही तिने ते कधी चिडून केलं नाही. त्या दिवशीही बाईंनी कान पुढे केला तशी रेवाने सवयीने मान वळवली, ओठ उघडले. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि प्रश्न सावकाश पुन्हा विचारला.

बाई म्हणाल्या, “बोलेल, नक्की. गाईल, बहुतेक. तोच आवाज असेल का, ते मी आज सांगू शकत नाही.”

रेवा त्या बाईंकडे बघत नव्हती. पडद्यावरच्या लाल पट्टीकडे बघत होती.

मग ते दिवस सुरू झाले. बाहेर सगळं गाव पिवळं आणि आत आम्ही तिघं, खिडक्या बंद करून. दाराच्या फटीला मेधाने ओल्या फडक्याची गुंडाळी लावली. तिखट बंद, टोमॅटो बंद, कॉफी बंद. मऊ भात, दुधी, मुगाचं वरण, तेही कोमट. वाफेचं यंत्र दिवसभर फुसफुसत असायचं. रेवाला कोणाला हाक मारायची असली की ती स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची. सुरुवातीला ते ऐकून बरं वाटायचं, मग धडकी भरायला लागली. वाटी वाजली की आम्ही दोघं एकदमच धावायचो.

गंमत अशी की आम्हाला कोणी मौन सांगितलं नव्हतं, तरी आमचं बोलणं कमी होत गेलं. तिच्यासमोर बोलणं म्हणजे उपाशी माणसासमोर जेवल्यासारखं वाटायचं. त्या शांततेत घर नको इतकं ऐकू यायला लागलं. फ्रिजची घरघर, भिंतीत पाणी वाहण्याचा आवाज, शेजाऱ्यांचं पानं उडवायचं यंत्र. तिला शिंक आली की आम्ही श्वास रोखायचो. लहानपणापासून ती झोपेत बडबडते, म्हणून मेधा तिच्या खोलीत गादी टाकून झोपायला लागली. झोपेत ओठ हलताना दिसले की हळूच जागं करायचं. सकाळी मेधाचे डोळे लाल असायचे, पण कधी तक्रार नाही.

कार्यक्रम रद्द करायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेका ठिकाणी फोन करायचो. माझं नाव, तिचं नाव, कारण. पलीकडून “पुन्हा सांगाल का?” मी पुन्हा सांगायचो. एका गावच्या बारमालकिणीला तीनदा सांगावं लागलं. कळल्यावर ती म्हणाली की रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करू, नावाचं स्पेलिंग सांगा. मी आर, ई, व्ही, ए सांगितलं. प्रार्थना करण्याइतकं हे गंभीर आहे, हे मला तोवर दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं.

डेलने झालेली सहा गाणी मला पाठवली होती, का ते ठाऊक नाही. कदाचित धीर द्यायला. मी ती गॅरेजमध्ये गाडीत बसून, काचा वर करून ऐकायला घेतली. पहिलं गाणं एका बाईचं आहे. पेट्रोल पंपावरच्या छपराखाली ती पाऊस थांबायची वाट बघते आहे, आणि शेवटी ‘होम’ हा शब्द येतो. रेवा तो शब्द वर नेते, आणखी वर, आणि तिथे अलगद ठेवते. इतकी वर्षं तिचं गाणं ऐकताना मी दारं, माणसं, रस्ते बघत आलो होतो. गाणं असं नुसतं मी ऐकलंच नव्हतं. आणि आता ऐकत होतो तर हार घातलेल्या फोटोकडे बघावं तसं वाटायला लागलं. दुसरं गाणं सुरू होताच मी बंद केलं. काचेवर पिवळा थर होता, बाहेरचं काही दिसत नव्हतं.

रेवा पहिले काही दिवस गिटार वाजवायची, ओठ घट्ट मिटून. मग तेही बंद झालं. गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवली. एका दुपारी मेधाने तिला विचारलं, रात्री काय करू खायला. रेवाने फोनवर काही टाइप केलं आणि फोन पुढे केला. आम्ही तिच्याशी मराठीत बोलतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते, हे आमच्या घरात ठरून गेलेलं आहे. मेसेजही इंग्रजीतच असतात. त्या दिवशी अक्षरं रोमन होती पण शब्द मराठी होते. “मला भीती वाटते.”

मेधाने ते वाचलं, फोन माझ्या हातात दिला आणि रेवासमोर बसली. मला वाटलं, आता ती म्हणेल, घाबरू नको, सगळं ठीक होईल. मीही तेच म्हणणार होतो.

मेधा म्हणाली, “मलाही वाटते गं. फार वाटते.”

रेवा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मेधाचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला, आणि दोघी तशाच बसल्या. मी उभाच होतो. बऱ्याच दिवसांनी त्या घरात मला श्वास नीट घेता आला, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पाऊस होता. तिला आत नेताना तिने आम्हाला अंगठा वर करून दाखवला आणि लगेच तोंड फिरवलं. बाहेर वाट बघताना माझ्या मनात एक फार वाईट विचार आला, तो मी लपवत नाही. मला वाटलं, आवाज गेलाच तर ती नोकरी करेल, घरी राहील, डोंगरात गाडी घेऊन जाणार नाही, ठिपका बघावा लागणार नाही. आला तसा तो विचार गेलाही. पण भीती माणसाला कुठवर नेते हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. मेधाला मी आजवर हे सांगितलेलं नाही, आता इथे वाचेल.

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या, म्हणाल्या गाठ नीट निघाली. पुन्हा मौन. आणि मग आवाजाच्या थेरपिस्टकडे पहिला दिवस. त्या बाईंनी रेवाला पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ दिला. स्ट्रॉमधून पाण्यात फुंकायचं आणि फुंकता फुंकता हलका हुंकार भरायचा. लहान मुलं दुधात करतात तसे बुडबुडे आले. त्यामागे, पाण्याखालून यावा तसा, एक सूर होता. मेधाने माझी बाही पकडली. थेरपिस्ट म्हणाल्या, आता हळू, जोर न लावता, तुझं नाव सांग.

“रेवा,” ती म्हणाली.

आवाज खाली होता. जाडसर, कोरडा, कडांना खडबडीत. कोणी अनोळखी, वयाने मोठ्या बाईने माझ्या मुलीचं नाव घ्यावं तसा. मेधा बाथरूमचं निमित्त करून बाहेर गेली. मी हसलो, तेवढंच जमलं. रेवाने मात्र स्वतःचं नाव आणखी एकदा म्हणून पाहिलं, चप्पल नवी असली की दोन पावलं चालून बघतात ना, तसं.

आवाज हळूहळू सुधारला, खडबड कमी झाली. वरचे सूर परत आले नाहीत. जून-जुलैत ती डेलकडे परत गेली आणि राहिलेली चार गाणी खालच्या पट्टीत गायली. तोवर ठीक होतं. वाद झाला तो नंतर. आमचं म्हणणं होतं की आधीची सहाही नव्याने गा, म्हणजे सगळा अल्बम एका आवाजात होईल. पहिलाच अल्बम, लोक विचारतील, मधेच हिला काय झालं, आणि तेच कायमचं चिकटेल. डेलनेही सांगितलं की कॉम्प्युटरवर पुष्कळ झाकता येतं. मी आणखी एक मुद्दा मांडला. म्हटलं, मधोमध तडा गेलेली वस्तू मी माझ्या हातून कधी बाहेर जाऊ दिली नसती.

रेवा आमच्या डायनिंग टेबलापाशी बसून सगळं ऐकत होती. गाण्यासाठी आवाज राखायचा तर जास्त बोलायची तेव्हा तिला मुभा नव्हती, म्हणून ती शब्द जपून वापरायची. म्हणाली, “बाबा, इट्स नॉट सॉफ्टवेअर. माझा गळा आहे. सहा गाणी गायली तेव्हा तो तसा होता, नंतरची गायली तेव्हा असा होता. तसंच झालं ना?”

अल्बम तसाच आला, ऑक्टोबरात. सहा गाणी आधीच्या रेवाची, चार नंतरच्या. डेलच्या गावातल्या छोट्या सभागृहात प्रकाशनाचा कार्यक्रम होता. डोंगर तांबडे-केशरी झाले होते, हवेत लाकूड जाळल्याचा वास. लोक बरेच आले होते, बूट घातलेले शेतकरी, कॉलेजातली मुलं, मॉरिसव्हिलहून आमच्या ओळखीची दोन कुटुंबं. मी आणि मेधा पुढे बसलो. दारापासून लांब बसायची माझी ती पहिलीच वेळ, कारण रेवाने जागा धरून ठेवल्या होत्या.

नव्या आवाजातली गाणी झाली, टाळ्या झाल्या. मग लोकांतून त्या पेट्रोल पंपाच्या गाण्याची मागणी आली. रेडिओवर तेच गाणं वाजलं होतं, जुन्या आवाजातलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती जरा थांबली, मागे वळून वाजवणाऱ्यांना काही म्हणाली आणि सुरू केलं, मूळच्या पट्टीत. मला ती ओळ कुठे आहे ते पाठ होतं. एकेक कडवं ती ओळ जवळ येत होती. मेधाने डोळे मिटले होते.

‘होम’ आला. रेवा वर गेली आणि आवाज फुटला. सगळ्यांसमोर, मायक्रोफोनमध्ये, मोठ्याने. मागची वाद्यं एकेक करून थांबली.

आयुष्यभर मी ज्याला भीत आलो ते समोर घडलं होतं. मी उठायच्या बेतात होतो. काय करणार होतो, ते मलाही माहीत नाही. बहुधा तिला उचलून घरी नेणार होतो.

रेवाने गिटारवर हात ठेवून ती गप्प केली. पाण्याचा घोट घेतला. गळ्यावरून एकदा बोटं फिरवली. मग तिच्या त्या दक्षिणी हेलात लोकांना म्हणाली, “वरचा रस्ता बंद झालाय, मंडळी. खालून जाऊ या.”

डोंगरातले लोक ते. रस्ता बंद होणं त्यांना नवं नाही. कोणी तरी हलकेच हसलं, मग बरेच हसले, आणि तिने तेच कडवं खालच्या पट्टीत पुन्हा घेतलं. ‘होम’ या वेळी वर गेला नाही. तो खाली आला, हातातलं ओझं जमिनीवर टेकवावं तसा. मेधाने डोळे उघडले. डेलच्या पेडल स्टीलचा सूर त्या शब्दामागे किती तरी वेळ रेंगाळत होता.

त्या रात्रीनंतर माझी भीती गेली असं लिहायला मला आवडलं असतं. गेली नाही. डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय की तीच रक्तवाहिनी पुन्हा दगा देऊ शकते, जपून गायला हवं. रेवा आता तीन-तीन आठवडे दौऱ्यावर असते. तिचा फोन आला की ती काय बोलते ते मी नंतर ऐकतो, आधी आवाज ऐकतो. खरखर आहे का, श्वास कमी पडतोय का. भीती मला सोडून जाईल ही आशा मी सोडली आहे. फक्त एवढं झालंय की त्या सभागृहात मी एकदा भीतीचा तळ पाहून आलो. तिथे माझी मुलगी उभी होती आणि पाणी पीत होती.

आज दुपारी मी पाइप लावून डेक धुतला. तासभर ती पिवळी पूड नाकातोंडात गेली. आत आलो तेवढ्यात रेवाचा फोन. मी म्हटलं, “बोल गं.”

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

“बाबा, तुझा आवाज असा का येतोय?”

मी म्हटलं, काही नाही, पाइनची पूड, घसा धरलाय जरा. तिने विचारलं, कधीपासून. गिळताना दुखतं का. खाकरू नकोस, पाणी पी, वाफ घे, आईला सांगितलंस का. ती भराभर विचारत होती आणि तिच्या बोलण्यात काही तरी होतं जे मी ओळखत होतो, पण तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मी उत्तर द्यायला लागलो, तर घसा पुन्हा खरखरला.

“बोलू नकोस,” ती म्हणाली. “प्लीज. आता तू बोलू नकोस. मी बोलते, तू नुसतं ऐक.”

मी तोंड मिटलं. मेधा हात पुसत येऊन शेजारी बसली, तिने फोन स्पीकरवर टाकला. रेवा सांगायला लागली. कुठल्या रस्त्यावर आहे, कडेला पांढरी फुलं कशी फुलली आहेत, काल कोणत्या गावी गायली, कोण म्हातारा येऊन काय म्हणाला. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, त्या खालच्या, जाडसर आवाजात. मधे मधे ती थांबून विचारायची, आहेस ना, आणि मी फोनवर बोटाने एकदा टकटक करायचो.